मेलबर्नच्या हवेतला पराग : मोजणीची पाच दशके

इमारतीच्या छतावर वाऱ्याच्या दिशेने आपोआप तोंड वळवणारे एक यंत्र उभे असते. त्याच्या पोटात छोटा पंप असतो. १४ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद अशा फटीतून तो मिनिटाला १० लिटर हवा आत ओढतो. फटीच्या मागे एक गोल डबी घड्याळाच्या यंत्रावर फिरत असते आणि तिच्यावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते, म्हणजे दिवसभरात ४८ मिलिमीटर. हवेतून जे जे आले ते पट्टीवर चिकटते : धूळ, काजळी, बुरशीचे बीजाणू, झाडांचा पराग आणि गवताचा पराग. सकाळी कुणीतरी छतावर जाते, पट्टी काढते, काचेवर पसरून गुलाबी रंगाचा थेंब सोडते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.

मग मोजणी सुरू होते. एक, दोन, तीन... गवताचा परागकण ओळखायला सोपा. तो गोल आणि गुळगुळीत असतो. त्याला एकच छिद्र असते आणि छिद्राभोवती जाडसर कडे. एकदा नजर बसली की गर्दीतूनही तो पटकन सापडतो. मात्र तो नेमका कोणत्या गवताचा, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून सांगता येत नाही. सगळ्या गवतांचे कण दिसायला जवळजवळ सारखेच. दिवसभरात यंत्रातून १४.४ घनमीटर हवा गेलेली असते. त्या हिशेबाने एका घनमीटरला किती कण, असा आकडा निघतो. १९ पर्यंत कमी, २० ते ४९ मध्यम, ५० ते ९९ जास्त, आणि १०० च्या पुढे अतितीव्र.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात हा आकडा आज लाखो लोक सकाळच्या हवामानासोबत पाहतात. वनस्पतिशास्त्राच्या एका विभागातून सुरू झालेले हे काम शहराच्या आरोग्ययंत्रणेचा भाग कसे झाले, त्याचा हा दशकवार आढावा.

पूर्वपीठिका

परागकणांमुळे माणूस आजारी पडतो ही गोष्ट सिद्ध झाली ती इंग्लंडात. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंका, डोळ्यांची आग आणि नाक वाहण्याचा त्रास होत असे. त्यांनी चिकट लेप लावलेल्या काचा हवेत ठेवल्या, त्यांच्यावर पडलेले कण मोजले, पतंगाला काचा बांधून उंचावरची हवाही तपासली. १८७३ साली त्यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि या तापाचे मूळ गवताच्या परागात आहे, हे प्रयोगांनिशी मांडले. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क टोचून उपचार करण्याची पद्धत जाहीर केली.

मोजणी खऱ्या अर्थाने विश्वासार्ह झाली ती १९५२ पासून. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातील जे. एम. हर्स्ट यांनी हवा ठरावीक वेगाने ओढून घेणारा सापळा तयार केला. पिकांवर रोग पसरवणारे बुरशीचे बीजाणू मोजण्यासाठी बनवलेले हे यंत्र पुढे जगभरच्या परागमोजणीचा आधार झाले. वर वर्णन केलेले यंत्र त्याच घराण्यातले.

१९७० ते १९८० : पायाभरणी

मेलबर्नच्या कामाचा पाया घातला तो प्रा. ब्रूस नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नॉक्स हे मुळात परागकणाच्या अंतरंगाचे अभ्यासक. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हेस्लॉप-हॅरिसन यांच्यासोबत काम करताना त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती : परागकणाच्या भिंतीत प्रथिने साठवलेली असतात आणि ओलावा मिळताच ती बाहेर झिरपतात. ॲलर्जी घडवणारी प्रथिनेही त्यांतच असतात. नाकाच्या ओल्या आवरणावर कण पडला की काही क्षणांत शिंका का सुरू होतात, याचे उत्तर त्यात होते.

१९७६ मध्ये नॉक्स मेलबर्न विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहर या अभ्यासासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे होते. मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. युरोपीय वसाहतवाल्यांनी गुराढोरांसाठी आणलेले रायग्रास हे गवत तिथल्या कुरणांत माजलेले आहे. दक्षिणेला मात्र समुद्र. वारा उत्तरेकडून सुटला की कुरणांवरचा पराग थेट शहरावर येतो, दक्षिणेकडून सुटला की समुद्राची स्वच्छ हवा येते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला वसंत आणि उन्हाळ्याचा आरंभ. नोव्हेंबरमध्ये गवत ऐन फुलोऱ्यात असते आणि त्याच महिन्यात शहरभर रुमाल बाहेर निघतात.

आय. जे. स्मार्ट आणि नॉक्स यांनी शहराच्या हवेतील गवताच्या परागाचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध केला. हंगामात पराग कसा चढतो आणि उतरतो, दिवसाच्या कोणत्या वेळी तो जास्त असतो, वारा आणि तापमानाचा त्यावर काय परिणाम होतो, तो कुठून येतो, हे सर्व त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्याच वर्षी डॉ. डी. जे. हिल यांच्यासोबत त्यांनी मुलांचा दमा आणि हवेतला गवताचा पराग यांचा मेलबर्नमधला संबंध तपासणारा लेख ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एका टेबलाशी बसले, हे या दशकाचे खरे संचित.

याच काळात आपल्याकडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक हेही हवेतले बीजाणू आणि पराग मोजत होते. परदेशी यंत्रे महाग आणि दुर्मिळ, म्हणून त्यांनी देशी बनावटीचा हवानमुना सापळा तयार केला. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने तो भारतातल्या अनेक प्रयोगशाळांत वापरला गेला. दोन्हीकडची साधने वेगळी असली तरी धडपड एकच होती : डोळ्यांना न दिसणारी हवा आकड्यांत आणायची.

१९८० ते १९९० : रेणूंचा शोध आणि वादळांची चाहूल

ऐंशीच्या दशकात कामाची दिशा कण मोजण्यापासून कणाच्या आतल्या प्रथिनांकडे वळली. नॉक्स यांच्या गटात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मोहन सिंग दाखल झाले होते. १९८५ मध्ये सिंग आणि नॉक्स यांनी वेगवेगळ्या गवतांच्या परागांतील ॲलर्जीकारक प्रथिने एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत, हे विशिष्ट प्रतिपिंडांच्या साहाय्याने तपासले. एका गवताची ॲलर्जी असलेल्या माणसाला दुसऱ्या गवताचाही त्रास का होतो, याचे रेणूंच्या पातळीवरचे स्पष्टीकरण अशा अभ्यासांतून मिळू लागले.

इथे मराठी वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे ॲलर्जी म्हटली की लोक गाजर गवताचे नाव घेतात. पण गाजर गवत हे नावापुरते गवत आहे. ते सूर्यफुलाच्या कुळातले तण असून त्याचा पराग आणि त्याची प्रथिने वेगळी आहेत. मेलबर्नच्या कथेतले गवत हे गहू, ज्वारी, भात यांच्या कुळातले, खरेखुरे गवत आहे.

दशकाच्या उत्तरार्धात शहराला दोन धक्के बसले. नोव्हेंबर १९८७ आणि पुन्हा नोव्हेंबर १९८९ मध्ये गडगडाटी वादळ येऊन गेले आणि त्यापाठोपाठ दम्याचे रुग्ण रुग्णालयांत एकाएकी वाढले. असा प्रकार १९८३ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे नोंदला गेला होता. मेलबर्नमधील डॉक्टरांनी १९९२ साली दोन्ही घटनांचा अभ्यास एकत्र प्रसिद्ध केला आणि संशयाचे बोट रायग्रासच्या परागाकडे दाखवले.

पण एक अडचण होती. गवताचा परागकण तसा मोठा असतो, साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास. एवढा कण नाकात आणि घशातच अडकतो, फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मग वादळाच्या दिवशी दमा उसळतो कसा? पाऊस तर हवा धुऊन काढतो असाच सगळ्यांचा समज.

१९९० ते २००० : कोडे सुटले, रोजची मोजणी सुरू झाली

या कोड्याचे उत्तर मेलबर्ननेच दिले. १९९१ मध्ये सिंग आणि सहकाऱ्यांनी रायग्रासच्या परागातील एका नव्या मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनाचे जनुक वेगळे काढल्याचे जाहीर केले. पुढे ‘लोल पी ५’ या नावाने ओळखले गेलेले हे प्रथिन परागाच्या आतील पिष्टमय कणांशी निगडित असते, हेही त्यांनी दाखवले.

१९९२ मध्ये सेंक सुफिओग्लू, सिंग, नॉक्स आणि सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. रायग्रासचा कण पावसाच्या पाण्यात भिजला की पाणी शोषून फुगतो आणि फुटतो. फुटताना एका कणातून सुमारे ७०० पिष्टकण बाहेर पडतात. त्यांचा आकार ०.६ ते २.५ मायक्रॉन, म्हणजे फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत सहज जाण्याजोगा. आणि प्रत्येक पिष्टकणासोबत ॲलर्जीचे प्रथिन. ज्या पावसाने हवा स्वच्छ व्हायची, तोच पाऊस एका मोठ्या कणाचे शेकडो बारीक कण करून हवेत सोडत होता. जगभरात आज वादळी दम्याचे जे स्पष्टीकरण दिले जाते, त्याचा गाभा या शोधात आहे.

याच सुमारास, १९९१ पासून, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने हंगामात दररोजची परागमोजणी हाती घेतली. मेलबर्नची पुढील सर्व आकडेवारी या निर्णयावर उभी आहे. १९९५ मध्ये ओंग, सिंग आणि नॉक्स यांनी १९९१ पूर्वीच्या नोंदीही धरून ९ हंगामांच्या नोंदी एकत्र मांडल्या. १९९७ मध्ये गवताच्या परागाचा हंगाम कधी सुरू होईल याचा अंदाज आधी कसा बांधता येईल, यावरचा लेख आला. वसंतातला पाऊस चांगला झाला की गवत माजते आणि त्या वर्षी परागही जास्त असतो, हे सूत्र हळूहळू पक्के झाले.

शहराच्या हवेत पराग एकटा नसतो, हेही या दशकात पुढे आले. १९९७ मध्ये नॉक्स, सुफिओग्लू आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गवताच्या परागातले ‘लोल पी १’ हे प्रथिन डिझेलच्या धुरातील बारीक काजळीला चिकटते. रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर आणि कुरणातला पराग यांची गाठ शहराच्या हवेत पडत होती. गॅब्रिएला शॅपी, फिलिप टेलर आणि सहकाऱ्यांनी पुढे हवेतील बारीक कणांतच गवताच्या ॲलर्जीकारक प्रथिनांचे प्रमाण मोजले. यापुढे केवळ परागकण मोजून भागणार नाही, हवेतले ॲलर्जीकारक प्रथिनही मोजावे लागेल, हा विचार त्यातून रुजला.

१९९७ साली प्रा. नॉक्स यांचे निधन झाले. पुढच्या पिढीच्या हाती यंत्र, नोंदवह्या आणि प्रश्न असा वारसा आला. १९९९ मध्ये प्रेम भल्ला, मोहन सिंग आणि सहकाऱ्यांनी ‘लोल पी ५’ चे जनुक निष्क्रिय केलेले रायग्रास तयार केल्याचे जाहीर केले. कुरणातल्या गवतातूनच ॲलर्जी कमी करता येईल का, हा त्यामागचा धाडसी विचार होता.

२००० ते २०१० : संयमाचे दशक

बातम्यांत न झळकणारे, पण कामाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे असे हे दशक. एड न्यूबिगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी पुढे चालवली. दर ऑक्टोबरला यंत्र सुरू करायचे, डिसेंबर अखेरपर्यंत रोजची पट्टी वाचायची, आकडा जाहीर करायचा. नाताळच्या तोंडावर, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागलेल्या असताना, सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या विद्यार्थ्यांची आणि सहायकांची नावे लेखांच्या मथळ्यांवर फारशी दिसत नाहीत. या कामात त्यांचा सिंहाचा वाटा आहे.

या संयमाचे फळ २०११ च्या सुमारास एका लेखात एकत्र दिसले. १९९१ ते २००८ या काळातील १६ हंगामांच्या नोंदी (१९९४ आणि १९९५ वगळून) त्यात तपासल्या होत्या. जास्त आणि अतितीव्र परागाच्या दिवशी वारा खंडाच्या आतल्या भागातून आलेला असतो, कमी परागाच्या दिवशी समुद्रावरून. वसंतातला पाऊस आणि हंगामातला एकूण पराग यांचे नाते अतिशय घट्ट आहे. शहराभोवतीच्या ग्रामीण भागातील गुरे आणि मेंढ्या, म्हणजेच चराऊ कुरणे, कमी होत गेल्याने परागही काही प्रमाणात घटत होता. आणि एक निष्कर्ष असा होता : पराग जास्त असलेल्या दिवशी हवेतले प्रमाण सरासरी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शिगेला पोहोचते. ऑफिसे सुटण्याची, मुले मैदानावर असण्याची हीच वेळ. पाचच वर्षांनी, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, या निरीक्षणाचा अर्थ सगळ्या शहराला कळणार होता.

आरोग्याच्या बाजूनेही अभ्यास सुरू राहिला. बिर्कन अर्बास आणि सहकाऱ्यांनी परागाचे आकडे आणि दम्यासाठी रुग्णालयात येणारे रुग्ण यांची सांगड घातली. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या दैनंदिन आकड्यांची गरज होती. ते आकडे मेलबर्नकडे होते.

२०१० ते २०२० : काळा सोमवार आणि नवी यंत्रणा

नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा एकदा वादळी दम्याची लाट आली. मग आला २१ नोव्हेंबर २०१६ चा सोमवार.

त्या दिवशी तापमान ३५ अंशांपर्यंत गेले होते, उत्तरेचा वारा वाहत होता आणि हवेतला गवताचा पराग घनमीटरला १०० च्या वर होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास वादळाच्या पुढे धावणारा गार वारा शहरावरून गेला. काही मिनिटांत तापमान सुमारे १० अंशांनी उतरले आणि हवेतली आर्द्रता वाढली. त्यानंतर श्वास कोंडलेल्या माणसांचे फोन सुरू झाले. रुग्णवाहिका कमी पडल्या. घरच्यांनी गाडीत घालून आणलेल्या रुग्णांनी तातडीचे विभाग भरून गेले.

पुढील अभ्यासाने आकडे समोर ठेवले. श्वसनाच्या तक्रारींसाठी तातडीच्या विभागांत नेहमीपेक्षा ३,३६५ जास्त रुग्ण आले, म्हणजे ६७२ टक्क्यांची वाढ. दम्यासाठी ४७६ जण जास्त दाखल झाले. ३५ जणांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. १० जणांचा मृत्यू झाला. आलेल्या रुग्णांपैकी ज्यांची माहिती मिळाली, त्यांतल्या केवळ २८ टक्क्यांना आधीपासून दम्याचे निदान झालेले होते. ज्यांना दर वर्षी ‘नुसत्या’ शिंका यायच्या, अशा कितीतरी जणांना त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा दम्याचा झटका आला.

मराठी वाचकाने थांबून वाचावा असा भाग पुढे आहे. दम्यासाठी दाखल झालेल्यांत भारतात किंवा श्रीलंकेत जन्मलेल्यांचे प्रमाण १० टक्के होते. आधीच्या तीन वर्षांत ते १ टक्का होते. तातडीच्या विभागांत आलेल्यांपैकी ३९ टक्के लोक आशियाई किंवा भारतीय वंशाचे होते, तर शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा २५ टक्के होता. मृत्यू पावलेल्या १० जणांपैकी ६ जण आशियाई किंवा भारतीय वंशाचे होते.

रायग्रासची इतकी गर्दी आपल्याकडच्या हवेत नसते. नव्या देशात आलेल्या माणसाला काही हंगामांनंतर शिंका सुरू होतात, तो त्या सर्दी समजून रुमालाने पुसत राहतो, आणि एक दिवस वादळ येते.

या आपत्तीनंतर व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने सुमारे दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्सची तरतूद केली. हवामान खाते, आरोग्य खाते आणि विद्यापीठे एकत्र आली आणि १ ऑक्टोबर २०१७ रोजी वादळी दम्याचा अंदाज देणारी यंत्रणा सुरू झाली. मेलबर्न विद्यापीठाच्या पार्कव्हिल केंद्रासोबत बरवुड, वॉर्न पॉन्ड्स, क्रेझविक, हॅमिल्टन, बेंडिगो, डूकी आणि चर्चिल अशी ८ मोजणी केंद्रे राज्यात उभी राहिली. डीकिन विद्यापीठात सुफिओग्लू यांच्या नेतृत्वाखालील गटाने आपल्या केंद्रांचा भार उचलला. प्रत्येक केंद्रावर यंत्र कुठे बसवायचे, कण कसे मोजायचे, आकडा कोणत्या वेळी द्यायचा, हे एकसारखे करायला वेळ लागला. निरनिराळ्या संस्थांतील मंडळींनी आपापली सवय बाजूला ठेवून एक पद्धत स्वीकारली आणि काम मार्गी लावले.

केवळ परागाचा आकडा पुरेसा नाही, हे ध्यानात घेऊन ही यंत्रणा बांधली आहे. पराग भरपूर असला तरी वादळ नसेल तर धोका मर्यादित राहतो. वादळ असले तरी परागाविना तसा धोका उद्भवत नाही. म्हणून गवताच्या परागाचा अंदाज आणि जोरदार वाऱ्यासह येणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या वादळाचा अंदाज असे दोन्ही एकत्र करून तीन दिवस आधी धोका जाहीर होतो : हिरवा कमी, केशरी मध्यम, लाल जास्त.

देशपातळीवरही याच सुमारास ‘ऑसपोलन’ हा उपक्रम उभा राहिला. ब्रिस्बेनच्या जॅनेट डेव्हिस यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या शहरांतील मोजणी एका पद्धतीखाली आली आणि मोबाइलवर परागाचा आकडा मिळू लागला. उपचारांच्या बाजूनेही दिलासा होता. रॉबिन ओ’हेहिर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की पाच प्रकारच्या गवतांच्या परागाची गोळी जिभेखाली देऊन केलेल्या प्रतिकार-उपचाराने रुग्णांना २०१६ च्या वादळात संरक्षण मिळाले होते. १९११ मध्ये लंडनमध्ये नून यांनी सुरू केलेल्या विचाराची ही एका शतकानंतरची परिणती.

२०२० नंतर : आजचे काम

आज हंगाम सुरू झाला की केंद्रांवर रोजची लगबग ठरलेली असते. पट्टी काढणे, काच तयार करणे, रंग घालणे, मोजणे, आकडा पाठवणे. दुपारच्या आत तो आकडा शहराच्या हाती असतो. डॉक्टर, शाळा, क्रीडासंघ, रुग्णवाहिका सेवा आणि सामान्य माणूस, सगळे तो वापरतात. पूर्वी ज्या नोंदी वनस्पतिशास्त्राच्या कपाटात राहत असत, त्यांवर आता आपत्कालीन यंत्रणा निर्णय घेतात.

पुढची आव्हानेही समोर आहेत. हाताने मोजलेला आकडा हा होऊन गेलेल्या २४ तासांचा असतो, तर वादळ काही मिनिटांत होत्याचे नव्हते करते. म्हणून परागकण आपोआप ओळखून ताबडतोब आकडा देणाऱ्या यंत्रांकडे जगभरच्या केंद्रांचे लक्ष लागले आहे. अखंड कणासोबत फुटलेल्या कणांतून सुटणारी प्रथिने मोजण्याचे काम अजून रोजच्या सेवेत यायचे आहे. पावसाचे आणि उष्णतेचे बदलते वेळापत्रक गवताच्या फुलोऱ्यावर काय परिणाम करते, हे तपासायला लांब पल्ल्याच्या नोंदी लागतील आणि त्या ठेवणारे हात लागतील.

या पाच दशकांच्या वाटचालीत प्राध्यापक आले, संशोधक आले, डॉक्टर आले, हवामानतज्ज्ञ आले. काहींची नावे वर आली आहेत. त्यांच्याइतकेच ऋण आहे ते हंगामात रोज छतावर जाऊन पट्टी बदलणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली हजारो कण मोजणाऱ्या आणि रविवारीही आकडा चुकू न देणाऱ्या अनेकांचे.

मेलबर्न आणि व्हिक्टोरियात राहणाऱ्या, किंवा तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांच्या मराठी घरांना एक विनंती. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात रोज परागाचा आणि वादळी दम्याचा अंदाज पाहा. तो विनामूल्य मिळतो. वसंतात शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू होत असेल तर तिला सर्दी समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. दमा असेल तर रोजचे औषध चुकवू नका आणि पंप खिशात ठेवा. लाल इशारा असलेल्या दिवशी वादळाआधीचा वारा सुटला की घरात या आणि दारे-खिडक्या लावून घ्या.